संगणकाच्या गाभ्यातील जागावाटप



आजच्या विषयाचे नाव फलकावर वाचून आपणांपैकी काहींना दोन शंका आल्या असतील. संगणकाच्या पोटातले जागावाटप हा विषय त्या धंद्यातील माणसांनी आपसांत बोलावयाचा; व्याख्यानमालेत त्याचे काय काम, ही पहिली. जागावाटप हा शब्द मुंबईकरापुढे काढणे म्हणजे त्याच्या दुखऱ्या नसेवरच बोट ठेवणे, ही दुसरी. गिरगावात, परळ-लालबागेत, दादर-नायगावात ज्यांचे आयुष्य गेले, त्यांना जागा कोण देतो, कोणाला देतो आणि एकदा दिलेली जागा परत मिळणे किती कठीण असते, हे शिकवावयास बाहेरून कोणी येण्याची गरज नाही. आमचे म्हणणे असे की, दुसऱ्या शंकेतच पहिलीचे उत्तर आहे. हा विषय समजण्यास गणिताच्या पदवीपेक्षा चाळीतला अनुभव अधिक उपयोगी पडतो; आणि तो समजून घेण्याचे कारणही आता आपल्या प्रत्येकाच्या खिशात आहे.

एक साधा प्रसंग घ्या. एखादा पेन्शनर गृहस्थ हातातल्या फोनवर बँकेचा लांबलचक अर्ज भरतो. शेवटी बँक त्याला संदेशाने आकडा पाठविते. तो आकडा पाहण्यासाठी गृहस्थ संदेशांकडे जातो, परत येतो, आणि पाहतो तो अर्ज कोरा. पंधरा मिनिटांची मेहनत नाहीशी! तो म्हणतो, आपल्यालाच हे यंत्र जमत नाही. पुष्कळदा त्याचा काडीचाही दोष नसतो. तो संदेश वाचत होता तेवढ्या वेळात फोनमधील जागा अपुरी पडली, आणि नजरेआड झालेल्या आज्ञावलीला फोनने मारून तिची जागा दुसऱ्याला दिली. हा निर्णय कोणीतरी, कोणत्यातरी नियमाने घेतला. तो नियम कोणता आणि तो तसा का, एवढेच आज पाहावयाचे आहे.

सुरुवात आपल्याच शहरापासून करू. कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रंगास्वामी नरसिंहन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक संगणक येथल्या येथे घडविला. तो १९६० साली कामास लागला, आणि १९६२ साली पंडित नेहरूंनी त्याचे ‘टिफ्रॅक’ असे नामकरण केले. त्याच्या स्मृतीत २०४८ शब्द मावत, आणि प्रत्येक शब्द ४० बिटांचा, म्हणजे शून्य किंवा एक अशा चाळीस खुणांचा असे. आजच्या मापाने ही स्मृती १० हजार २४० बाइट भरते. बाइट म्हणजे आठ बिटांचा पुंजका. आज ८ गिगाबाइट स्मृतीचा फोन भाजीवाल्याच्या हातीही दिसतो. त्याची स्मृती टिफ्रॅकच्या सुमारे ८ लाख ३९ हजार पट झाली.

परंतु टिफ्रॅकच्या त्या लहानशा स्मृतीत जागेचे भांडण नव्हते. एका वेळी एकाचे गणित यंत्रावर चढे. ते चालू असेतो सारी जागा त्याची. ते उतरले की दुसऱ्याची. गणित लिहिणारा माणूस कागदावरच ठरवी की, अमुक आकडा अमुक घरात ठेवावयाचा. एकाच बिऱ्हाडाचा वाडा होता तो. भांडण सुरू झाले ते वाड्याची चाळ झाली तेव्हा. एकाच यंत्रावर एकाच वेळी दहा, पन्नास, पाचशे आज्ञावली नांदू लागल्या; त्यांचे परस्परांशी पटेना; एकीने दुसरीच्या घरात पाय टाकला तर दोघींचाही नाश. तेव्हा एक व्यवस्थापक आवश्यक झाला. यंत्र सुरू झाल्यापासून बंद होईपर्यंत जागा राहणारी, स्मृती, वेळ व साधने यांचे वाटप करणारी जी मूळ आज्ञावली, तिला इंग्रजीवरून कर्नेल म्हणतात. लष्करातल्या कर्नलशी तिचा संबंध नाही. फळाच्या कवचाआडचा गर तो कर्नेल. आपण तिला गाभा म्हणू. आपण घेत असलेली बहुतेक उदाहरणे लिनक्स नावाच्या गाभ्याची आहेत. लिनस टोरवाल्डस या हेलसिंकीच्या विद्यार्थ्याने तो १९९१ साली प्रसिद्ध केला. त्याचा मजकूर कोणालाही वाचता येतो, आणि अँड्रॉइड जातीच्या सर्व फोनांच्या तळाशी तोच आहे.

आता या व्यवस्थापकाची पहिली युक्ती पाहू. तो स्मृतीचे एकसारख्या मापाचे तुकडे पाडतो. प्रत्येक तुकडा बहुधा ४०९६ बाइटांचा असून त्याला पान म्हणतात. ८ गिगाबाइट स्मृतीची अशी २० लाख ९७ हजार १५२ पाने होतात. सारी पाने एकाच मापाची का? याचे उत्तर वरळीला आणि नायगावला मिळते. १९२० च्या दशकात बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने वरळी, नायगाव, शिवडी आणि तेव्हाचा डिलाइल रोड म्हणजे आजचा ना. म. जोशी मार्ग, येथे मिळून २०७ चाळी बांधल्या. त्यातली खोली १६० चौरस फुटांची. बिऱ्हाडात माणसे तीन असोत की तेरा, खोली तेवढीच. राहणाऱ्यांचे त्यात जे हाल झाले ते आपण जाणता. पण हिशेब ठेवणाऱ्याची केवढी सोय! कोणतीही रिकामी खोली कोणत्याही अर्जदारास चालते, आणि यादीत फक्त ‘भरली’ वा ‘रिकामी’ एवढेच लिहावे लागते. गाभ्यानेही हीच सोय साधली आहे.

मात्र साऱ्यांचे काम एका खोलीत भागत नाही. काही कामांना लागोपाठच्या पन्नास-साठ खोल्या लागतात, मध्ये दुसऱ्याचे बिऱ्हाड चालत नाही. त्यासाठी गाभा जी रीत वापरतो ती हॅरी मार्कोविट्झ यांनी १९६३ साली योजिली आणि केनेथ नोल्टन यांनी १९६५ साली प्रसिद्ध केली. यांपैकी मार्कोविट्झ हे पुढे १९९० साली अर्थशास्त्राच्या नोबेल पारितोषिकाचे एक मानकरी झाले. मर्यादित साधनांची वाटणी हा विषय अर्थशास्त्राचा आणि संगणकशास्त्राचा किती सारखा आहे, हे यावरून दिसते. या रीतीला जोडीदारांची पद्धत म्हणावे. समजा, १०२४ पानांचा एक अखंड दिवाणखाना रिकामा आहे आणि कोणाला ६४ पाने हवी आहेत. गाभा दिवाणखान्याचे दोन सारखे भाग पाडतो: ५१२ आणि ५१२. एक बाजूस ठेवून दुसऱ्याचे पुन्हा दोन: २५६, मग १२८, मग ६४. एक ६४ चा तुकडा मागणाऱ्यास मिळतो, आणि ५१२, २५६, १२८ व ६४ असे चार तुकडे शिल्लक राहतात. खरी खुबी परतीच्या वेळी आहे. तो ६४ चा तुकडा परत आला की गाभा फक्त त्याच्या जोडीदाराकडे पाहतो. तोही रिकामा असला तर मधला पडदा काढून १२८ चा तुकडा करतो. मग त्याच्या जोडीदाराकडे पाहतो. आणि असे करीत मूळचा दिवाणखाना पुन्हा अखंड होतो. जोडीदार शोधण्यासाठी यादी चाळावी लागत नाही; पत्त्यातला एक बिट उलटा केला की जोडीदाराचा पत्ता हाती येतो. किंमत एकच: ६५ पाने मागणाऱ्याला १२८ द्यावी लागतात आणि ६३ वाया जातात.

येथवर सारे सुरळीत दिसते. पण जोडीदार रिकामाच झाला नाही तर? मोकळी जागा एकूण पुष्कळ, पण विखुरलेली. आणि म्हणून मोठ्या मागणीला निरुपयोगी. शहराला हे दुखणे परके नाही. गिरण्या बंद पडल्यावर त्यांच्या जमिनींचा विचार एकेका गिरणीपुरता न करता एकत्रितपणे करावा, असे चार्ल्स कोरिया यांच्या समितीने १९९६ साली सुचविले होते. त्याच्या मुळाशी हेच तत्त्व होते. दहा ठिकाणची दहा चिंचोळी अंगणे मिळून एक मैदान होत नाही.

गाभा या दुखण्यावर दोन उपाय करतो. एक, आपण ज्याला संक्रमण शिबिर म्हणतो तसा. इकडची बिऱ्हाडे उचलून तिकडच्या रिकाम्या खोल्यांत हलवायची आणि इकडची जागा सलग मोकळी करायची. सामान्य आज्ञावलीला याचा पत्ताही लागत नाही; कारण तिच्याजवळचा पत्ता हा खरा पत्ता नसतोच. तो एका वहीतला पत्ता असतो, आणि खरी खोली बदलली की गाभा वहीतली नोंद बदलतो. पोस्टमनला कळविले म्हणजे झाले. पत्र पूर्वीच्याच पत्त्यावर टाकावे, ते नव्या घरी पोचते. परंतु गाभ्याची स्वतःची जी बिऱ्हाडे आहेत, त्यांतली बहुतेक हलविता येत नाहीत; ती खऱ्या जागेशीच जखडलेली असतात. दिवाणखान्याच्या मधोमध असे एकच न हलणारे पान अडकले की उरलेली १०२३ पाने रिकामी असून दिवाणखाना मिळत नाही. म्हणून दुसरा उपाय: हलणारे आणि न हलणारे यांना पहिल्यापासून वेगवेगळ्या भागांत बसवायचे. मेल गोरमन यांनी २००७ च्या सुमारास लिनक्समध्ये ही व्यवस्था आणली. आजार होऊन औषध देण्यापेक्षा वस्ती करतानाच विचार करणे स्वस्त पडते, हा धडा नगररचनाकारांनाही घेण्याजोगा आहे.

आता लहान मागण्यांकडे वळू. गाभ्याला स्वतःच्या कामासाठी क्षणोक्षणी बारीकसारीक वस्तू लागतात: एखाद्या उघडलेल्या फायलीची नोंद, एखाद्या चालू कामाची नोंद. दोनशे बाइटांच्या नोंदीसाठी ४०९६ बाइटांचे पान देणे म्हणजे सुईसाठी ट्रंक घेणे होय. येथे आम्हांला गिरगाव-काळबादेवीचे जुने छापखाने आठवतात. जावजी दादाजींच्या निर्णयसागराचे खिळे एकोणिसाव्या शतकात साऱ्या देशात नावाजले होते. छापखान्यात जुळाऱ्यापुढे केस असते, तिला खण असतात, आणि प्रत्येक अक्षराचा खण ठरलेला. ‘क’ हवा असला की जुळारी शिसे वितळवावयास बसत नाही. ‘क’ च्या खणातून घडविलेला खिळा उचलतो. छपाई झाली की खिळे आपापल्या खणात परत जातात, पुढच्या मजकुरासाठी तयार. खण रिता झाला तरच ओतकामाकडे शिसे मागावयाचे.

सन मायक्रोसिस्टिम्स या कंपनीतले जेफ बॉनविक यांनी १९९४ साली सोलारिस या गाभ्यासाठी नेमकी हीच रीत बांधली. तिला स्लॅबची पद्धत म्हणतात. पाने हे शिसे; त्यांतून एकाच जातीच्या वस्तू ओळीने पाडून ठेवावयाच्या; प्रत्येक जातीला वेगळा खण. वस्तू परत आली की ती मोडायची नाही, जशीच्या तशी खणात ठेवायची. वस्तू मागण्याला जेवढा वेळ लागतो त्याहून तिची पहिली मांडणी करण्यालाच पुष्कळदा जास्त लागतो. तो वेळ वाचतो. ही कल्पना इतकी रुजली की लिनक्समध्ये तिच्या तीन शाखा झाल्या. त्यांपैकी क्रिस्तोफ लामेटर यांनी २००७ साली आणलेली ‘स्लब’ ही शाखा टिकली; बाकीच्या दोन २०२३ आणि २०२४ मध्ये काढून टाकण्यात आल्या. एकाच कामाच्या तीन व्यवस्था सांभाळण्यात शक्ती खर्चू नये, असे चालकांनी ठरविले.

आजच्या यंत्रात एकाऐवजी आठ-आठ प्रोसेसर एकाच वेळी काम करतात. साऱ्यांनी एकाच खणात हात घालायचा म्हटले म्हणजे चाळीतल्या एका नळावर लागणारी रांग लागते; पाणी मुबलक असूनही निम्मा वेळ ‘आधी मी, आधी मी’ करण्यात जातो. चाळकऱ्यांनी यावर उपाय काढला तो घरोघरी एक पिंप भरून ठेवण्याचा. गाभ्यानेही तेच केले. प्रत्येक प्रोसेसरपाशी खिळ्यांचा छोटा साठा वेगळा असतो; तो आटला तरच सार्वजनिक नळावर जायचे.

येथवर आपण द्यावे कसे ते पाहिले. याहून कठीण प्रश्न आता येतो: देण्यास काही नसेल तेव्हा काय करावे? मागणाऱ्यांचे येथे दोन वर्ग पडतात. एक वर्ग थांबू शकतो. त्याला गाभा म्हणतो, बस, मी सोय करतो. आणि मग जुन्या, बऱ्याच दिवसांत कोणी न उघडलेल्या पानांची आवराआवर करून जागा काढतो. दुसरा वर्ग थांबूच शकत नाही. बाहेरून तारेने संदेश येऊन थडकला आहे, यंत्राने हातातले काम टाकून तो घ्यावयाचा आहे. त्या क्षणी झोपायला सवड नाही. परळच्या इस्पितळाच्या दारात अपघातातला रोगी आला तर त्याला ‘खाट रिकामी झाली की कळवू’ असे सांगता येत नाही, तसेच हे. म्हणून गाभा स्मृतीवर पाण्याच्या टाकीसारख्या तीन खुणा करून ठेवतो. साठा मधल्या खुणेच्या खाली गेला की आवराआवर करणारा नोकर जागा होतो आणि वरच्या खुणेपर्यंत साठा आणूनच पुन्हा झोपतो. तळाच्या खुणेखालचे पाणी सामान्यांना मिळत नाही. ते अडल्यानडल्या तातडीच्या कामासाठी राखलेले असते.

या राखीव साठ्याचे दुसरे आणि अधिक खोल कारण आहे, आणि आमच्या मते साऱ्या विषयाचे मर्म तेथे आहे. जागा मोकळी करण्यासाठी गाभ्याला पुष्कळदा पानातला मजकूर डिस्कवर लिहावा लागतो. डिस्कवर लिहिण्यासाठी थोडी स्मृती लागते. म्हणजे स्मृती मिळविण्यासाठी स्मृती पाहिजे! तिजोरीची किल्ली तिजोरीतच राहून गेल्यासारखे झाले. इतर कोणतीही आज्ञावली अडली तर गाभ्याकडे जाते. गाभा अडला तर त्याने कोणाकडे जावे? त्याच्यावर दुसरा कोणी नाही. ज्या भांड्यातून तो साऱ्यांना वाढतो त्यातूनच त्याला स्वतःला जेवायचे असते. म्हणून जो जागा मोकळी करण्यास निघाला आहे, त्याला राखीव साठ्यातून घेण्याची मुभा असते. आणि डिस्कवर लिहिणारे काही विभाग सुरुवातीलाच थोडी पुंजी बांधून ठेवतात, तिला एरवी हात लावीत नाहीत. ही पुंजी मोठी नसते. पण ती नसेल तर भरलेले घर रिकामे करण्याचा मार्गच बंद होतो.

पुंजी संपली तर? मग एकच गोष्ट उरते, ती म्हणजे नकार. आणि येथे माणसाचा स्वभाव आडवा येतो. नकार देणाऱ्याला तो जड जातो. पण घेणाऱ्याने त्याची तयारी केलेलीच नसते. गाभ्यातल्या हजारो ठिकाणी जागेची मागणी होते, आणि प्रत्येक ठिकाणी ‘जागा नाही’ असे उत्तर आले तर काय करावयाचे हे लिहिलेले असावे लागते. लिहिलेले असतेही. पण ते कधी घडत नाही म्हणून कधी तपासले जात नाही, आणि घडते तेव्हा तेच मोडते. लिनक्समध्ये तर असे झाले की, थांबू शकणाऱ्यांच्या लहान मागण्यांना, म्हणजे आठ पानांपर्यंतच्या मागण्यांना, सहसा नकारच द्यायचा नाही, हा प्रघात न लिहिता पडून गेला. २०१४ च्या अखेरीस त्यावर चालकांमध्ये मोठा खल झाला. कारण असे घडू लागले: एक काम दाराला कुलूप लावून आत जागेची वाट पाहत बसते, गाभा जागेसाठी दुसऱ्याच एका आज्ञावलीला मारावयास निघतो, आणि ती मरणारी आज्ञावली आवरून बाहेर पडण्यासाठी त्याच कुलुपाची वाट पाहत उभी असते. कोणीच कोणाला सोडवीत नाही. सारे यंत्र निपचित पडते. एक लहानसा नकार टाळला आणि सारा संसार थांबला! पुढे २०१६ मध्ये मरणाऱ्या आज्ञावलीची जागा तिच्या निघण्याची वाट न पाहता काढून घेणारी व्यवस्था आली, तेव्हा हा पेच पुष्कळसा सैल झाला.

याउलट प्रामाणिक नकार कसा असतो, हे तारेवरून येणाऱ्या संदेशांत दिसते. संदेशाचा तुकडा आला, जागा नाही. गाभा तो सरळ टाकून देतो. ऐकावयास हे निष्ठुर वाटते. पण ज्यांनी संदेशवहनाचे मुख्य नियम बांधले त्यांनी धरूनच ठेवले होते की, तुकडे वाटेत हरवणार. पोच आली नाही की पाठविणारा तोच तुकडा पुन्हा पाठवितो. नकार गृहीत धरून रचना केली, म्हणून नकाराने कोणाचे नुकसान झाले नाही.

आता मघाच्या पेन्शनर गृहस्थाकडे येऊ. सामान्य आज्ञावलीने जागा मागितली की गाभा बहुधा ‘दिली’ म्हणतो, पण त्या क्षणी काहीच देत नाही. ती वापरावयास प्रत्यक्ष हात लावील तेव्हा पान शोधू, असा त्याचा हिशेब. आज्ञावली मागतात फार आणि वापरतात थोडे, हा अनुभव असल्यामुळे तो आपल्याजवळ आहे त्याहून अधिक जागेची वचने वाटत सुटतो. बँकही याच भरवशावर चालते, सारे ठेवीदार एकाच दिवशी येणार नाहीत म्हणून. आणि बहुतेक दिवशी ते येत नाहीत. पण ज्या दिवशी येतात त्या दिवशी आडात नसलेले पोहऱ्यात कोठून यावे? दिलेले वचन मागे घेता येत नाही. तेव्हा गाभा वचन घेणाऱ्यालाच नाहीसा करतो. लिनक्समध्ये यासाठी प्रत्येक आज्ञावलीला गुण दिले जातात. २०१० मध्ये ही गुणपद्धत नव्याने बांधली गेली. जो जितकी स्मृती व्यापून बसला आहे तितके त्याचे गुण अधिक, आणि सर्वांत अधिक गुणांचा तो बळी. यंत्राच्या मालकाला उणे १००० ते अधिक १००० पर्यंत फेरफार करता येतो. उणे १००० ज्याला दिले त्याला हात लागत नाही. फोनमध्ये हेच काम एक वेगळा पहारेकरी करतो, आणि तो नजरेसमोर असलेल्याला राखून नजरेआड असलेल्याला आधी मारतो. गृहस्थाचा अर्ज या नियमाने गेला.

नियम वेडगळ आहे असे आम्ही म्हणत नाही. सर्वांत मोठ्याला मारले की एका बळीत काम भागते. पण मोठ्या यंत्रावर सर्वांत मोठा असतो तो बहुधा ज्याच्यासाठी ते यंत्र घेतले तोच: इस्पितळाचे दफ्तर, बँकेचे खाते. म्हणून जाणता मालक दोन गोष्टी आधीच करतो. कोणाला राखायचे ते लिहून ठेवतो. आणि जेथे हयगय चालत नाही तेथे गाभ्याला सांगतो की, ठरलेल्या मर्यादेपलीकडे वचनच देऊ नकोस. लिनक्समध्ये ही सोय आहे. तिने काही मागण्या दारातच नाकारल्या जातात आणि थोडी जागा वापराविना पडून राहते. पण ज्याला ‘नाही’ ऐकावे लागले तो जिवंत असतो. हातातले काम नीट मिटवू शकतो, मालकाला कळवू शकतो. ज्याला ‘हो’ म्हणून नंतर मारले त्याला यातले काहीच करता येत नाही.

परत करण्याविषयी एक शब्द राहिला. सामान्य आज्ञावली संपली की तिची सारी जागा गाभा आपोआप ताब्यात घेतो. गाभा मात्र कधी संपत नाही. म्हणून त्याच्या कोणा विभागाने घेतलेली जागा परत करावयाची विसरली, तर ती यंत्र बंद होईपर्यंत गेलीच. याच्या उलट दोषही भयंकर आहे. जागा परत केली पण किल्लीची दुसरी प्रत जवळ राहिली. खोलीत नवे बिऱ्हाड आले. आणि जुना भाडेकरू त्या किल्लीने आत शिरून आपले समजून दुसऱ्याचे सामान हलवू लागला. संगणकात घुसखोरी करणाऱ्यांचा हा आवडता मार्ग आहे. त्यासाठी रस्ट नावाच्या भाषेत, जिच्यात किल्लीची अशी दुसरी प्रत सहसा करूच दिली जात नाही, गाभ्याचे काही भाग लिहिण्यास २०२२ च्या डिसेंबरपासून लिनक्सने दार उघडले आहे.

सारांश काय? चांगला वाटप करणारा तो, जो सर्वांना ‘हो’ म्हणतो, अशी आपली समजूत असते. गाभ्याचा इतिहास असे सांगतो की, देण्याची युक्ती लवकर साधते. परत घेता येईल अशा रीतीने देणे, संकटात हालचाल करता यावी एवढे राखून ठेवणे, आणि संपले असता वेळीच, समोरच्याला सावरण्यास अवधी राहील असा नकार देणे, ही तीन कौशल्ये यावयास तीस-चाळीस वर्षे लागली आणि अजून ती पुरी आलेली नाहीत. ज्या शहरात वचने खोल्यांहून नेहमीच अधिक झाली, त्या शहराने हे ऐकून हसावे की उसासा टाकावा, हे आम्ही आपणांवर सोपवितो. मात्र एक फरक ध्यानात ठेवावा. लिनक्समधले वाटपाचे नियम उघड्यावर लिहिलेले आहेत. कोणीही ते वाचावे, चूक दाखवावी, दुरुस्ती सुचवावी. आपल्या मुलामुलींपैकी कोणी त्या वाटेने जाऊ लागली, तर त्यांना हे काम रुक्ष आहे म्हणून परतवू नका. कोणत्यातरी पेन्शनरचा भरलेला अर्ज शाबूत राहणे त्यांच्या हाती असेल.